फरगाना खोऱ्यातले सहा दिवस: गावं कमी, वार नेमके

प्रश्न थोडक्यात असा होता: ऑक्टोबरमध्ये उझबेकिस्तान. समरकंद-बुखारा झाल्यावर हातात सहा दिवस उरतात, ते फरगाना खोऱ्यात घालवायचे आहेत. सोबत पत्नी आणि अडुसष्ट वर्षांच्या आई. रोज एक गाव असा बेत: कोकंद, रिश्तान, मार्गिलान, फरगाना, अंदिजान, नमनगान. गावातली म्युझियम, बाजार आणि "साधं रोजचं आयुष्य" बघायचं आहे. तिघेही शाकाहारी, रशियन कुणालाच येत नाही. गाइड घ्यावा का, आणि छोट्या गावातली म्युझियम वेळ देण्याजोगी असतात का?

तुमची खरी अडचण गावांच्या यादीची नाहीच. निवडलेली सगळी गावं चांगली आहेत. पण रोज एक गाव धरलंत तर प्रत्येक ठिकाणी अकरा वाजता पोचाल, म्हणजे बाजाराचा जोर ओसरलेला असेल. म्युझियम जेवणाच्या सुट्टीला बंद होण्याच्या बेतात असेल आणि कारागीर टेकलेले असतील. रोजचं आयुष्य बघायला सकाळी सहा-सातला त्याच गावात उठावं लागतं. म्हणून माझा पहिला सल्ला: सहा गावांऐवजी दोन मुक्काम: कोकंदला दोन रात्री आणि मार्गिलानला तीन. बाकीची गावं जमली तर वाटेत.

दुसरं, तारखेआधी वार बघा. मार्गिलानजवळचा कुमतेपा हा मोठा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. म्युझियम बहुतेक सोमवारी बंद. रेशमाचे मोठे कारखाने रविवारी सहसा बंद. या तीन गोष्टींची सांगड नीट बसली तर सहा दिवसांत खोरं चांगलं समजतं, चुकली तर कुलपं बघत फिरावं लागतं. हंगामाचाही फरक पडतो. मे महिन्यात रेशमाचे किडे घराघरांत पाळलेले दिसतात आणि तुती पिकलेली असते. 25 जूनपासून 5 ऑगस्टपर्यंतच्या सुमारे चाळीस दिवसांना तिथे 'चिल्ला' म्हणतात. त्या उन्हात आईंना नेऊ नये. तुमचा ऑक्टोबर उत्तम: डाळिंबं, अक्रोड, बेही (नासपतीसारखं फळ), द्राक्षं आणि कापसाची वेचणी, सगळं एकाच वेळी.

कोणत्याही गावात क्रम असा ठेवा: पोचलात त्या दुपारी म्युझियम, दुसऱ्या सकाळी बाजार, मग कारखाना किंवा कारागिराचं घर. कारण साधं आहे. म्युझियमच्या काचेआड एखादी वस्तू बघितलेली असली की दुसऱ्या दिवशी बाजारात ती ओळखू येते आणि तिसऱ्या ठिकाणी ती करताना दिसते. उलट क्रमाने गेलात तर बाजार म्हणजे नुसती रंगांची गर्दी वाटते, आणि थकल्या पायांनी म्युझियममध्ये शिरल्यावर तिथे फक्त बाकडं दिसतं.

आता म्युझियमबद्दल, कारण तुमची शंका तिथेच जास्त आहे. गावोगावच्या या म्युझियमना उझबेकमध्ये 'ओल्काशुनोस्लिक मुझेयी' म्हणतात, म्हणजे त्या मुलखाची ओळख करून देणारं संग्रहालय. सोव्हिएत काळात हा साचा ठरला आणि आजही बहुतेक ठिकाणी तोच आहे. पहिल्या दालनात निसर्ग: पेंढा भरलेले लांडगे, गिधाडं, दगडांचे नमुने, डोंगर-नद्यांचा उठावाचा नकाशा. मग उत्खननातली मातीची भांडी आणि नाणी. मग लोकजीवन: कपडे, दागिने, पाळणा, शेतीची अवजारं. मग खानांचा काळ, रशियन राजवट, दुसरं महायुद्ध आणि शेवटी 1991 नंतरचं स्वतंत्र राष्ट्र. साचा ठाऊक असला की वेळ कुठे द्यायचा ते ठरवता येतं.

मी सांगेन, पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी दोन मिनिटं आणि उठावाच्या नकाशापाशी दहा मिनिटं. फरगाना हे तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं सपाट खोरं आहे, आणि तिथलं सगळं जगणं कालव्यांवर चालतं. 1939 साली 'मोठा फरगाना कालवा' सुमारे 1,60,000 माणसांनी मुख्यतः कुदळ-फावड्यांनी 45 दिवसांत खोदला. या काळातले फोटो मिळाले तर थांबून बघा. त्या पाण्यावर कापूस वाढला, आणि कापूस म्हणजे 'पाख्ता' तिथल्या सगळ्या चिन्हांत शिरला. मग चहाच्या दुकानात बसाल तेव्हा किटली आणि वाट्यांवर गडद निळ्यावर पांढरी फुटलेली बोंडं आणि सोनेरी कड दिसेल. त्या नक्षीला 'पाख्ता गुल' म्हणतात आणि ती घराघरांत असते. नकाशा, फोटो आणि हातातली वाटी, तिन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात.

लोकजीवनाच्या दालनात तीन गोष्टी शोधा. एक, टोपी, 'दोप्पी'. चुस्त गावच्या काळ्या टोपीवर पांढऱ्या दोऱ्याने चार बाजूंना बदामाच्या किंवा मिरचीच्या आकाराची नक्षी असते. गावागावाची टोपी वेगळी असते, त्यामुळे बाजारात कोण कुठला ते पूर्वी टोपीवरून कळायचं. दोन, 'सुझानी', म्हणजे भरतकामाची मोठी चादर, मुलीच्या लग्नासाठी घरातल्या बायका भरायच्या. ती अरुंद पट्ट्या वेगवेगळ्या भरून मग जोडलेली असते. जोडावर नक्षी किंचित सरकलेली दिसली तर ती चूक समजू नका, अनेक हात लागल्याची ती खूण आहे. तीन, पाळणा, 'बेशिक'. त्याच्या तळाला भोक आणि खाली भांडं असतं. बाळाला बांधून ठेवण्याची ती पद्धत आजही चालू आहे आणि बाजारात नवे रंगवलेले बेशिक विकायला असतात. आईंना हे नक्की बघावंसं वाटेल, आपल्या झोळीशी तुलना होतेच.

व्यवहाराचं सांगतो. परदेशी माणसाचं तिकीट स्थानिकांपेक्षा जास्त असतं, फोटोचे कधी वेगळे पैसे घेतात. सुट्टे सोम (तिथलं चलन) जवळ ठेवा, कार्ड चालेलच असं नाही. दुपारी एक ते दोन सुट्टी असू शकते आणि तिकीट खिडकी बंद व्हायच्या वेळेआधी तासभर बंद होते, म्हणून तीनच्या सुमारास पोचावं. छोट्या म्युझियममध्ये दालनं अंधारी असतात. राखण करणाऱ्या बाई तुमच्यासोबत फिरून दिवे लावतात आणि बंद करतात. त्यांना घाई करायची नसते, तुम्हीही करू नका. पाट्या उझबेक आणि रशियनमध्ये असतात. फोनवर दोन्ही भाषांचं भाषांतर आधीच उतरवून ठेवा, कारण जाड भिंतींच्या इमारतीत नेट मिळेलच असं नाही. कॅमेऱ्याने पाटी वाचायची तर काचेवर तिरका धरा, समोरून दिव्याची चमक येते.

कोकंदमध्ये हे सगळं एकाच जागी मिळतं. शेवटचा प्रभावी खान खुदायार याने 1870 च्या सुमारास पुरा केलेला राजवाडा म्हणजेच तिथलं म्युझियम. मूळ 113 खोल्यांपैकी 19 उरल्या आहेत. 1876 मध्ये रशियाने खानत, म्हणजे खानाचं राज्य, बरखास्त केली, म्हणजे एवढा वाडा जेमतेम काही वर्षं नांदला. दर्शनी भिंतीवरचा निळा-हिरवा चकाकता लेप नीट बघून ठेवा, रिश्तानला तो पुन्हा भेटणार आहे. दुसरी जागा जामी मशीद. तिच्या लांब ओसरीला 98 कोरीव लाकडी खांब आहेत आणि त्यांचं लाकूड हिंदुस्थानातून आलं असं सांगतात. आत आता संग्रहालय आहे. दोन्हींना मिळून अडीच-तीन तास पुरतात.

बाजारात शिरण्याआधी दोन शब्द वेगळे करून ठेवा. 'देहकोन बोझोरी' म्हणजे शेतमालाचा बाजार, 'बुयुम बोझोरी' म्हणजे कपडे आणि वस्तूंचा. टॅक्सीवाल्याला नुसतं 'बोझोर' म्हणालात तर तो चिनी जॅकेटांच्या गल्ल्यांत नेऊन सोडेल. तुम्हाला हवा पहिला. सात ते दहा ही त्याची खरी वेळ. रांगा मालाप्रमाणे असतात: रोटीची, पालेभाज्यांची, मसाल्यांची, सुक्यामेव्याची, दुधाच्या पदार्थांची. आधी काहीही न घेता एक पूर्ण फेरी मारा आणि एकाच मालाचा भाव तीन ठिकाणी विचारा. 'कान्चा?' म्हणजे 'केवढ्याला?' भाव किलोचा असतो. डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम मिळतात, म्हणून आकडे मोठे येतात आणि विक्रेते हजाराला 'मिंग' म्हणतात. 'बेश मिंग' पाच हजार, 'ओन मिंग' दहा हजार. घाईत 'मिंग' गाळतात आणि नुसतं 'ओन' म्हणतात, तेव्हा गोंधळू नका. भाजीत भाव थोडाच उतरतो, कापडात आणि कलाकुसरीत जास्त, रोटीत अजिबात नाही.

मराठी कानाला अर्धा बाजार ओळखीचा वाटेल: पियोझ, बोदोम, पिस्ता, अनोर, अंजीर, झिरा, मोश म्हणजे मूग. पण काही शब्द फसवतात. 'सब्झी' म्हणजे भाजी नव्हे, गाजर. पुलावासाठी पिवळं गाजर लागतं आणि बायका ते बारीक उभं चिरून पिशव्या भरून विकतात. 'अका' म्हणजे अक्का नव्हे, मोठा भाऊ. मोठ्या बहिणीला 'ओपा'. पन्नाशीच्या विक्रेतीला 'ओपा' म्हणा, विक्रेत्याला 'अका', आणि आधी 'अस्सलोमु अलैकुम', हात छातीवर. एवढ्याने बोलण्याचा सूरच बदलतो.

चव बघायला देतात, ती घ्यावी, पण एकच. दोनदा चव घेतली की विकत घ्याल असं धरलं जातं. सुक्या जर्दाळूंत फार तेजस्वी केशरी दिसतील ते गंधकाची धुरी दिलेले असतात. तपकिरी, सुरकुतलेले घ्या, चव त्यांची खरी. 'नव्वोत' म्हणजे खडीसाखरेचे मोठे पिवळसर स्फटिक, चहासोबत तोंडात धरायला. 'कुर्त' म्हणजे दह्याचा चक्का मीठ घालून वाळवलेल्या गोळ्या. पहिली गोळी पूर्ण तोंडात टाकू नका, फार खारट असते. ऑक्टोबरच्या शेवटी टोमॅटोसारखं केशरी 'खुर्मो' (पर्सिमन) हे फळ येतं. घट्ट असेल तर जीभ आवळून टाकतं, बोट रुतेल इतकं मऊच घ्या. डाळिंबं विचारून कुवा गावची घ्या, त्या भागात त्यांचंच नाव आहे.

मार्गिलानला तीन रात्री का, ते सांगतो. इथे रेशमाचं सगळं काम कोशापासून कापडापर्यंत एका आवारात बघता येतं आणि त्याचे टप्पे समजून घ्यायला वेळ लागतो. कोश गरम पाण्यात टाकून धागा मोकळा करतात, अनेक कोशांचे धागे एकत्र गुंडाळतात. मग खरी कला सुरू होते. ताणलेल्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, कोळशाच्या कांडीने नक्षी आखतात आणि जो भाग रंगवायचा नाही तो दोऱ्याने घट्ट बांधतात. आधी फिकट रंग, मग सोडून-बांधून गडद. विणण्याआधीच नक्षी धाग्यात उतरलेली असते, आणि माग चालताना धागे किंचित सरकतात म्हणून कडा धूसर राहतात. 'अब्र' म्हणजे ढग, त्यावरून बांधणाऱ्याला 'अब्रबंद' म्हणतात. ताणा-बाणा दोन्ही रेशमी आणि वीण साटिनची असेल तर तो 'अतलस'. ताणा रेशमी आणि बाणा सुती असेल तर 'अद्रस'. आपल्या हिमरूत रेशीम आणि सूत एकत्र येतात तसंच, फक्त नक्षी काढायची रीत वेगळी. अद्रसला चकाकी यावी म्हणून पूर्वी अंड्याचा पांढरा बलक लावून लाकडी हातोड्यांनी कुटत.

आता फसवणूक कुठे होते? कुमतेपात आणि बाकी बाजारांतही हीच नक्षी छापलेलं नायलॉन-पॉलिएस्टर ढिगाने मिळतं, आणि तिथल्या बायका रोजच्या वापराला तेच घेतात. विक्रेता त्याला रेशीम म्हणेलच असं नाही, पण विचारलंत तर कधी म्हणतो. ओळख अशी: कापड उलटं करा. बांधून रंगवलेल्या अद्रसमध्ये दोन्ही बाजूंना रंग सारखा खोल असतो, छापलेल्यात मागची बाजू फिकी. साटिन विणीच्या अतलसची मागची बाजू मात्र खऱ्या कापडातही वेगळी दिसते. मग कापलेल्या टोकाचा एक उभा धागा ओढून काढा. खऱ्या कापडात त्या एकाच धाग्यावर लाल, पिवळा, पांढरा असे रंग क्रमाने दिसतात, आणि आडवा धागा सगळा एका रंगाचा असतो. नक्षीच्या कडा उभ्या दिशेने पिसासारख्या पसरलेल्या हव्यात. छापील नक्षीत कड सुरीने कापल्यासारखी येते. हातमागाचा पन्हा अरुंद असतो, साडीच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून कुर्त्यासाठी किती मीटर लागेल ते आपल्या शिंप्याला विचारून जा. धुण्याआधी ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का बघा.

रिश्तान हे मातीच्या भांड्यांचं गाव, कोकंद आणि मार्गिलानच्या मधोमध, त्यामुळे मुक्काम बदलायच्या दिवशी तिथे तीन-चार तास थांबा. इथला निळसर लेप 'इश्कोर' नावाचा. खारट जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख त्यात घालतात आणि त्या क्षारामुळे तांब्याचा रंग आकाशी-फिरोजी होतो. तोच निळा तुम्ही खानाच्या भिंतीवर बघितलेला असेल. ताट उलटं करून तळाची कड बघा: लेप नसलेल्या जागी लालसर माती दिसली पाहिजे. बोटाच्या पेराने टिचकी मारा, स्वच्छ नाद यावा. बद्द आवाज आला तर बारीक तडा आहे. हाताने काढलेल्या नक्षीत रेषेची जाडी बदलते आणि दोन ताटं तंतोतंत सारखी नसतात. राखेच्या लेपावर काळाने बारीक जाळी पडते, म्हणून अशा भांड्यात लोणचं, चिंच, दही ठेवू नका आणि मायक्रोवेव्हही नको. बांधताना ताटं आडवी रचू नका. प्रत्येक कपड्यात गुंडाळून पुस्तकांसारखी उभी ठेवा.

जेवणाचं स्पष्ट बोलायला हवं. पुलाव, ज्याला तिथे 'ओश' म्हणतात, तो मांसासोबतच शिजतो. मांस बाजूला काढून दिलं तरी तो शाकाहारी होत नाही. भोपळ्याचा सामोसा, 'कोवोक सोमसा', वरवर सुरक्षित वाटतो, पण त्यात बरेचदा 'दुम्बा' म्हणजे मेंढीच्या शेपटीची चरबी घालतात. म्हणून दोन शब्द पाठ करा: 'गोश्तसिझ, दुम्बासिझ', मांस नको, चरबी नको. भाज्यांच्या सुपाचं पाणी मांसाचंच असतं, ते सोडूनच द्या. मग उरतं काय? पुष्कळ उरतं. सकाळी गरम रोटी ('नोन'), 'कायमोक' म्हणजे घट्ट साय, मध, अक्रोड. दुपारी टोमॅटो-कांद्याचं 'अचिचुक', 'कातिक' म्हणजे दही, 'सुझमा' म्हणजे चक्का, फळं. सोबत मेतकूट आणि चटणीची पुडी न्या. चक्क्यात मेतकूट कालवून नोनबरोबर खाल्लं की जेवण होतं. लहान गेस्टहाऊसमध्ये आदल्या संध्याकाळी सांगितलं तर भोपळ्याची किंवा बटाट्याची मांती (मोमोसारखा वाफवलेला पदार्थ) चरबीशिवाय करून देतात. आयत्या वेळी सांगून जमत नाही.

नोनचे काही संकेत पाळा. ती उलटी ठेवू नये, सुरीने कापू नये, हाताने मोडावी, जमिनीवर पडली तर उचलून वर ठेवावी. चहाच्या दुकानात, 'चोयखोना'त, बसायला उंच लाकडी बाजा असतात, त्यांवर मांडी घालावी लागते. आईंसाठी खुर्ची मागा, मिळते. पहिला चहा तीनदा वाटीत ओतून परत किटलीत टाकतात, मग वाढतात. वाटी अर्धीच भरली तर कंजूषपणा समजू नका, तो मान आहे: वारंवार भरून देण्याची तयारी. दुपारी दोनच्या पुढे चोयखोनात तासभर बसलात तर गावातली म्हातारी मंडळी, बुद्धिबळ, नातवंडं सगळं समोर येतं. माणसांचे फोटो विचारून घ्या ('मुम्किन्मी?'), पोलीस, सरहद्द आणि लष्करी जागांचे घेऊच नका.

गाइड सहाही दिवस नको. एक दिवस घ्या, तोही मार्गिलानला, कारखान्यासाठी आणि एखाद्या विणकराच्या घरासाठी. तिथे प्रश्न विचारावेसे वाटतात आणि फोनचं भाषांतर कारागिरीच्या शब्दांवर अडखळतं. बाजाराला गाइड उलट अडचणीचा होतो, तुम्ही त्याच्याकडे बघता आणि विक्रेता तुमच्याशी बोलायचं थांबतो.

दिवस मांडायचे तर असे. गुरुवारी ताश्कंदहून रेल्वेने कोकंद. 2016 मध्ये सुरू झालेला 19.2 किलोमीटरचा कामचिक बोगदा या मार्गावर आहे, आणि सीटवाटणीच्या मोटारीने 2,200 मीटरच्या वर घाट चढण्यापेक्षा आईंना हे सोपं. त्या दुपारी खानाचा वाडा. शुक्रवारी सकाळी कोकंदचा बाजार, दुपारच्या नमाजाची गर्दी ओसरल्यावर जामी मशीद. शनिवारी रिश्तानमार्गे मार्गिलान. रविवारी सहाला उठून कुमतेपा. सोमवारी, म्युझियम बंद असताना, रेशमाचा कारखाना. मंगळवारी अंदिजान: बाबर तिथे 1483 मध्ये जन्मला, त्याचं म्युझियम जुन्या बाजाराच्या भागात आहे, आणि तिथून संध्याकाळच्या रेल्वेने ताश्कंद. नमनगान यात बसत नाही, सोडून द्या.

कागदपत्रांत तीन गोष्टी. हॉटेल तुमची नोंदणी करतं, त्याची चिठ्ठी प्रत्येक मुक्कामी मागून घ्या आणि देश सोडेपर्यंत जपा. पन्नास वर्षांहून जुन्या वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून 'आजीची सुझानी' म्हणून विकत असतील तर नवी घ्या आणि पावती ठेवा. आणि अंदिजानहून सरहद्द जवळ म्हणून पलीकडच्या ओश शहराला जाऊन यायचा मोह झाला, तर किर्गिझस्तानचा वेगळा व्हिसा लागेल आणि उझबेक ई-व्हिसाही दोन प्रवेशांचा हवा. एका प्रवेशाचा असेल तर परत येताना सरहद्दीवर अडकाल. तो निर्णय अर्ज भरण्याआधीच घ्यावा लागतो.

तुमची ताश्कंदला परतायची तारीख कोणत्या वारी येते ते कळवा. गुरुवारऐवजी सोमवारी खोऱ्यात उतरणार असाल तर क्रम उलटा करावा लागेल: आधी मार्गिलान, गुरुवारचा कुमतेपा, आणि कोकंद शेवटी.